‘फ्रेंड्स’ला बासष्ट एमी मिळालेले नाहीत

गेल्या महिन्याभरात ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या एमींबद्दल, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारांबद्दल, एकच मजकूर मला तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप गटांतून आला. खाली बदामांची रांग, वर सोफ्यावर बसलेल्या सहा जणांचा फोटो. मजकूर साधारण असा: ‘‘फ्रेंड्स’ने दहा वर्षांत ६२ एमी जिंकले. विनोदी मालिकांमधला हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. सहाही कलाकारांना एमी मिळाला. दरवर्षी सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा मान तिचाच. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं म्हणून हे घडलं. ज्यांना एमी मिळाले नाहीत, त्या मालिका आज कुणाला आठवतात?’

मी ‘फ्रेंड्स’ पहिल्यापासून शेवटपर्यंत किती वेळा पाहिली याची मोजदाद सोडून दिली आहे. तरी, किंबहुना म्हणूनच, हा मजकूर मला बोचतो. यातलं प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि खरी हकिगत याहून कितीतरी रंजक आहे.

बासष्टपासूनच सुरुवात करू. हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. तो खरा आहे, पण नामांकनांचा. पुरस्कार मिळाले सहा. यादी एवढी छोटी आहे की सगळी इथेच देता येते. १९९६ मध्ये दिग्दर्शनासाठी मायकेल लेम्बेक, सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर दाखवलेल्या त्या मोठ्या भागाबद्दल. १९९८ मध्ये फीबीच्या भूमिकेसाठी लिसा कुड्रो. २००० मध्ये पाहुणा कलाकार म्हणून ब्रूस विलिस. २००२ मध्ये दोन: सर्वोत्कृष्ट विनोदी मालिका, आणि प्रमुख अभिनेत्री म्हणून रेचल साकारणारी जेनिफर ॲनिस्टन. २००३ मध्ये रेचलच्या बहिणीच्या भूमिकेसाठी पाहुणी कलाकार ख्रिस्तिना ॲपलगेट. बस्स. म्हणजे दहा वेळा नाव पुकारलं गेलं, तर जेमतेम एकदा व्यासपीठावर जायला मिळालं. ही गल्लत कशी होते तेही दिसतं. इंग्रजीतलं ‘एमी नॉमिनेटेड’ मराठीत येता येता ‘एमी विजेती’ होऊन जातं, आणि पुढे पाठवणारा माणूस मुळात जाऊन बघत नाही.

आता विक्रम. हा विक्रम ‘फ्रेझर’चा आहे, आणि ‘फ्रेझर’वर झालेला अन्याय मला सगळ्यात जास्त लागतो. सिएटलमध्ये रेडिओवर लोकांच्या मनाच्या तक्रारी ऐकणारा मानसोपचारतज्ज्ञ, त्याचा तितकाच नखरेल धाकटा भाऊ, आणि या दोघांना जमिनीवर ठेवणारा त्यांचा निवृत्त पोलीस बाप. ‘चिअर्स’ या मालिकेतलं एक पात्र बाजूला काढून ही मालिका उभी राहिली. तिने ११ हंगामांत ३७ एमी जिंकले. त्याआधीचा विक्रम ‘द मेरी टायलर मूर शो’चा होता, २९ एमींचा. पुढे २०१६ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’ने ३७ चा आकडा ओलांडला, पण ती काही विनोदी मालिका नव्हे. सिटकॉममध्ये, म्हणजे विनोदी मालिकांमध्ये, ‘फ्रेझर’ आजही सर्वांत वर आहे. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी तिच्याकडे होता. या पाचाशी बरोबरी झाली ती थेट २०१४ मध्ये, ‘मॉडर्न फॅमिली’कडून. तीही बरोबरीच. पुढे कुणी गेलेलं नाही.

आणि ही मालिका ‘फ्रेंड्स’च्या काळातली, तिच्याच वाहिनीवरची. ‘फ्रेझर’ सप्टेंबर १९९३ मध्ये एनबीसीवर सुरू झाली, ‘फ्रेंड्स’ बरोबर वर्षभराने. दोन्हींचा पहिला भाग जेम्स बरोज यांनीच दिग्दर्शित केला. त्यातला ‘फ्रेझर’चा पहिला भाग त्यांना १९९४ चा दिग्दर्शनाचा एमी देऊन गेला. त्यानंतर वर्षानुवर्षं या दोन मालिका एमीच्या सभागृहात समोरासमोर येत राहिल्या, आणि हरत राहिली ती बहुतेक वेळा ‘फ्रेंड्स’. १९९५ आणि १९९६ मध्ये सर्वोत्कृष्ट मालिकेच्या यादीत दोघीही होत्या. दोन्ही वर्षं ‘फ्रेझर’ जिंकली. १९९५ मध्ये ‘फ्रेंड्स’मधल्या रॉससाठी डेव्हिड श्विमरचं नाव सहाय्यक अभिनेत्यांत होतं. पुरस्कार ‘फ्रेझर’मधला धाकटा भाऊ नाइल्स साकारणाऱ्या डेव्हिड हाइड पियर्सने नेला. २००१ मध्ये ‘फ्रेंड्स’मध्ये पाहुणा म्हणून आलेल्या गॅरी ओल्डमनचं नामांकन होतं, जिंकले ‘फ्रेझर’चे पाहुणे डेरेक जॅकोबी. पुढच्याच वर्षी ब्रॅड पिटचं नाव होतं. जिंकला अँथनी लापाग्लिया, पुन्हा ‘फ्रेझर’साठीच. ‘विक्रम आजही कुणी मोडलेला नाही’ असं लिहिणाऱ्याने हा सगळा इतिहास एका वाक्यात पुसून टाकला आहे.

‘दरवर्षी सर्वोत्कृष्ट’ या वाक्याला फार वेळ देण्याची गरज नाही. दहा हंगामांत सर्वोत्कृष्ट मालिकेच्या अंतिम यादीत ‘फ्रेंड्स’ सहा वेळा पोहोचली आणि एकदा जिंकली, २००२ मध्ये. २००४ मध्ये, शेवटच्या हंगामानंतर, ती त्या यादीतही नव्हती.

‘सहाही कलाकारांना एमी’ हा मुद्दा मात्र मला थांबून सांगायचा आहे. अभिनयाचा एमी मिळाला तो दोघींनाच, कुड्रो आणि ॲनिस्टन. मॅथ्यू पेरीला चँडलरसाठी एकच नामांकन, तेही २००२ मध्ये. त्या वर्षी जोई साकारणारा मॅट लेब्लांकही त्याच यादीत होता आणि पुरस्कार ‘एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड’च्या रे रोमानोला गेला. कोर्टनी कॉक्सला तर मोनिकासाठी एकदाही नामांकन मिळालं नाही. २००२ पर्यंत प्रमुख कलाकारांच्या यादीत या सहांपैकी कुणीच का नव्हतं, याचं कारण सहाही जणांनी मिळून केलेल्या मानधनाच्या त्या गाजलेल्या वाटाघाटींइतकंच बोलकं आहे. एमीसाठी कलाकार स्वतःचं नाव कोणत्या विभागात द्यायचं ते ठरवू शकतो. या सहा जणांनी सुरुवातीलाच ठरवलं की आपल्यात कुणी नायक नाही, कुणी नायिका नाही. नाव द्यायचं ते सहाय्यक कलाकार म्हणूनच. रॉस-रेचलच्या गोष्टीवर मालिका चाललेली असतानाही हे पाळलं गेलं. आठव्या हंगामानंतर त्यांनी प्रमुख विभागात नावं दिली, आणि त्याच वर्षी ॲनिस्टन जिंकली. तोवर एकाच घरातली माणसं एका छोट्या विभागात एकमेकांसमोर उभी राहत होती. सगळ्या चमूला मिळून एक पुरस्कार असा विभाग एमीत नाही. अमेरिकेतल्या अभिनेत्यांच्या संघटनेच्या पुरस्कारांत तो आहे, आणि तिथे १९९६ मध्ये ‘फ्रेंड्स’च्या सहाही जणांनी तो एकत्र घेतला. मजकूर लिहिणाऱ्याला सहा जणांचं यश सांगायचंच होतं, तर हे सांगायला हवं होतं.

पुढचा मुद्दा प्रेक्षकांचा. एमी प्रेक्षक ठरवत नाहीत. टेलिव्हिजन अकादमीचे सभासद, म्हणजे त्याच व्यवसायातली माणसं मत देतात. अभिनयाची नामांकनं अभिनेते ठरवतात, लेखनाची लेखक. ६ मे २००४ रोजी ‘फ्रेंड्स’चा शेवटचा भाग एकट्या अमेरिकेत ५ कोटी २५ लाख लोकांनी पाहिला. बरोबर आठवड्याने, १३ मे रोजी, ‘फ्रेझर’ने निरोप घेतला, तिच्या निरोपाला एवढी गर्दी नव्हती. त्याच वर्षीच्या एमी सोहळ्यात फ्रेझर साकारणारा केल्सी ग्रामर आणि डेव्हिड हाइड पियर्स दोघंही जिंकले, प्रत्येकाचा या मालिकेसाठीचा चौथा एमी. ‘फ्रेंड्स’ त्या वर्षी रिकाम्या हाताने परतली. डोक्यावर घेणं आणि मत मिळणं यांचं नातं एवढंच.

राहिलं शेवटचं वाक्य. एमी नाही म्हणजे मालिका विस्मरणात जाते, असं. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ला १४ नामांकनं मिळाली, पुरस्कार शून्य, ती आजही लोक शोधून बघतात. ‘द ऑफिस’साठी स्टीव्ह कॅरेल सहा वेळा यादीत होता, सहाही वेळा दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं. ‘साइनफेल्ड’च्या जेसन अलेक्झांडरला सात नामांकनं, एमी नाही. हे सगळे सामान्य दर्जाचे होते म्हणून हरले असं नाही. एका वर्षी एका विभागात एकाच नावाचा लिफाफा उघडतो, आणि कॅरेलच्या समोर दोन वर्षं ‘थर्टी रॉक’चा ॲलेक बाल्डविन होता, नंतरची दोन वर्षं ‘द बिग बँग थिअरी’चा जिम पार्सन्स.

शिवाय हे वाक्य ज्या फोटोखाली लिहिलंय त्या फोटोकडे एकदा नीट बघावं. त्यात सहा जण आहेत. मोनिका, रॉस, चँडलर आणि जोई यांच्यापैकी कुणालाही या मालिकेतल्या अभिनयाचा एमी मिळालेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मॅथ्यू पेरी गेला, तेव्हा याच गटांमध्ये लोकांनी चँडलरची वाक्यं एकामागून एक लिहिली होती, पाठ असलेली, न शोधता.