विमानातून लाइव्ह कशाला जायचं?

विमानात वाय-फाय आलं आणि आपल्या लोकांना नवीन चाळा लागला. खिडकीला मोबाईल टेकवायचा आणि लाइव्ह जायचं. खाली धडाधड कमेंट्स: 'भाऊ कुठं दौरा?', 'विंडो सीट, मजा आहे राव!' आणि स्क्रीनवर काय, तर पांढरं. मधूनच पंखाचं टोक, की परत पांढरं.

त्याला कारण आहे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे विमान ३,००० मीटरच्या वर गेल्याशिवाय प्रवाशांना वाय-फाय वापरता येत नाही. आणि बघण्यासारखं जे काही असतं, ते बहुतेक त्याच्या खालीच! पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे मुंबईत विमानं बहुतेकदा पूर्वेकडून, खाडीवरून उतरतात. ढगांत चार गचके बसतात आणि एकदम खाली ठाण्याची खाडी. गढूळ पाणी, तिवरांची हिरवी कड, मिठागरांचे चौकोन, आणि बघता बघता घाटकोपर-कुर्ल्याची छपरं. त्यांवर निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून वर विटा आणि जुने टायर. तिकिटाचे पैसे खरे तिथे वसूल होतात, पण तेव्हा वाय-फाय बंद.

म्हणून म्हणतो, लाइव्हचा हट्ट सोडा. रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन सावकाश टाका. पण खाली काय दिसतंय ते लिहा. शाळेत 'पर्जन्यछायेचा प्रदेश' पाठ करून मार्क मिळवले ना आपण? तो पावसाळ्यानंतर वरून बघा. घाटमाथा हिरवागार आणि जरा पूर्वेला सरकलं की रान पिवळट पडत गेलेलं. कुणाला लोणारचं विवर दिसलं, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं, तर त्यावर नुसतं 'ब्यूटिफुल व्ह्यू' लिहिलेलं बघून माझा जीव तुटतो.

आता दुसरी बाजू. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. मे २०२५ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, संरक्षण दलांच्या विमानतळांवर फोटो-व्हिडिओला मनाई असल्याचं पुन्हा बजावलं आणि तिथे उतरता-उडताना १०,००० फुटांपर्यंत खिडक्यांच्या शेड्स बंद ठेवायला सांगितल्या. तेव्हा बरेच जण कुजबुजले की गूगलवर सगळं दिसतंच की! दिसतं, पण ते जुनं. या क्षणी धावपट्टीशेजारी काय उभं आहे ते उपग्रहाच्या शिळ्या फोटोत कळत नाही, लाइव्हमध्ये कळतं. त्यामुळे शेड्सची कटकट मलाही झाली, पण फोटोच्या मनाईवर माझी तक्रार नाही.

आणि नेपाळमधलं पोखरा आठवा. जानेवारी २०२३. यती एअरलाइन्सचं एटीआर विमान उतरता उतरता कोसळलं, ७२ जण गेले. आतला एक प्रवासी तेव्हा फेसबुक लाइव्हवर होता. खिडकीतून शहर दिसतंय, हसणं-बोलणं चाललंय, आणि मग ज्वाळा. ते सगळं जगभर फिरलं, घराघरातल्या ग्रुपांवर फॉरवर्ड झालं. त्याच्या घरच्यांपर्यंतही ते गेलंच असणार. रेकॉर्ड केलेलं निदान टाकायचं की नाही हे कुणीतरी ठरवू शकतं. लाइव्हला ती सोय नाही.

विमान कंपन्यांना हौसच असेल तर साधन तयार आहे. एअरबसच्या ए-३८० आणि ए-३५० च्या शेपटीवर कॅमेरा असतो. जमिनीवर एवढं मोठं धूड वळवताना चाकं कुठे आहेत ते वैमानिकांना दिसावं म्हणून असे कॅमेरे कामी येतात, प्रवाशांनाही तेच दृश्य सीटसमोरच्या स्क्रीनवर बघता येतं. त्याचंच रेकॉर्डिंग तासाभराने, संरक्षण दलांचे विमानतळ वगळून, गावा-नद्यांची नावं टाकून यूट्यूबवर द्या. प्रत्येक प्रवाशाने काचेवरचं स्वतःचंच प्रतिबिंब आम्हाला दाखवायची गरज उरणार नाही.

तोवर, कुणाकडे मुंबई-नागपूर प्रवासातला मोकळ्या आभाळाचा, ऑक्टोबरातला व्हिडिओ असेल तर कमेंटमध्ये टाका. कुठल्या बाजूची खिडकी होती तेही लिहा. आणि हात जोडतो, मागे गाणं नको.