पेपर हाताशी होता, तरी नागपूरनं पाडलं

भाऊ,

नागपूरचे राजकारणी आणि ‘हितवाद’ या इंग्रजी दैनिकाचे मालक बनवारीलाल पुरोहित यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘एका धंदेवाल्याची आरती ओवाळलीत. पेपर हाताशी होता म्हणून माणूस मोठा झाला. आणि पक्ष किती बदलले, ते गिळून टाकलंत.’

पक्षांतराबाबत तुमचं खरं आहे. मी ते एका ओळीत उरकलं, तसं करायला नको होतं. 1978 ला पूर्व नागपूर आणि 1980 ला दक्षिण नागपुरातून आमदार, 1982 ला राज्यमंत्री, मग 1984 आणि 1989 ला काँग्रेसचे खासदार. 1991 ला भाजपकडून उभे राहिले, काँग्रेसच्या दत्ता मेघेंनी हरवलं. 1996 ला त्याच भाजपकडून जिंकले. नागपुरातून निवडून आलेले भाजपचे ते पहिले खासदार. 1999 ला परत काँग्रेसचं तिकीट आणि रामटेकला पराभव. मग स्वतःचा विदर्भ राज्य पक्ष काढून 2004 ला नागपुरात हरले, 2009 ला भाजपकडून पुन्हा हरले.

पण हीच जंत्री तुमचा दुसरा आरोप खोडते. यातल्या प्रत्येक पराभवाच्या वेळी ‘हितवाद’ त्यांच्याच हातात होता. पेपरानं मतं मिळत असती, तर हा माणूस चारदा पडला नसता. इंग्रजी पेपर साहेबलोकांच्या टेबलावर जातो. पूर्व नागपुरातल्या गल्लीतला मतदार मराठी नाहीतर हिंदी वाचतो. तिथं दारोदार फिरावंच लागतं.

मी कौतुक केलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली सुरू केलेला पेपर आजही नागपुरातून निघतो, जबलपूर, रायपूर, भोपाळपर्यंत जातो. पदरचा पैसा आणि व्यवहाराची अक्कल लावल्याशिवाय हे होत नाही. त्यांच्याच पुढाकारातलं काटोल रोडवरचं रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालय 1984 पासून उभं आहे. आपल्या बऱ्याच पोरांना इंजिनिअर व्हायला पुण्या-मुंबईची वाट धरावी लागायची, ते दिवस मला आठवतात. म्हणून मी लिहिलं, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

मला खरी सल आहे ती विदर्भाची. वेगळ्या राज्यासाठी पक्ष काढायचा आणि एका निवडणुकीनंतर तो सोडून द्यायचा, हे ज्यांनी भरवसा ठेवला त्यांच्या जिव्हारी लागलं. पक्ष बदलण्यापेक्षा मला हे जड वाटतं.

आणि तुम्ही ज्यावर बोट ठेवलं नाहीत, ते मीच ठेवतो. आसाम आणि तामिळनाडूनंतर ते पंजाबचे राज्यपाल झाले. तिथं जून 2023 च्या विधानसभा बैठकीच्या वैधतेवर शंका घेऊन त्यांनी 4 विधेयकं अडवून ठेवली. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबरमध्ये ती बैठक वैध ठरवली. राज्यपालाला विधेयकावर अनिश्चित काळ बसून राहता येत नाही, हेही स्पष्ट केलं. दोनदा आमदार राहिलेल्या माणसाला हे दुसऱ्यानं सांगायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटलं. हा भाग आज रात्री मूळ लेखात घालतो आहे, पक्षांतराच्या सालांसकट.