फलकावर न दिसणारे चेंडू

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात जसप्रीत बुमराह पाचांपैकी तीनच कसोटी खेळला आणि तो ज्या दोन सामन्यांत नव्हता ते एजबॅस्टन आणि ओव्हलचे दोन्ही सामने भारताने जिंकले. मोहम्मद सिराजने पाचही सामने खेळून १८५.३ षटके टाकली, २३ बळी घेतले. मालिका संपल्यावर ‘वर्कलोड’ (खेळाडूवर पडणाऱ्या सामन्यांचा आणि षटकांचा भार) हा शब्द भारतीय क्रिकेटच्या शब्दकोशातून जावा, अशी इच्छा सुनील गावसकर यांनी बोलून दाखवली. सीमेवरचा जवान थंडीची तक्रार करतो का, हा त्यांचा सवाल आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजही अधूनमधून येतो आणि त्यामागोमाग कपिल देव १३१ कसोटी खेळला, दुखापतीमुळे त्याची एकही चुकली नाही, ही आठवणही हमखास येते.

वेस्ट इंडिजच्या तोफखान्यापुढे हेल्मेटविना उभे राहिलेल्या गावसकरांना धैर्याविषयी बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण गोलंदाजाची पाठ आणि खांदा यांचा प्रश्न धैर्याने सुटत नाही, असे मला मनापासून वाटते. या मतापर्यंत मी सिएटलमध्ये, बेसबॉल पाहता पाहता पोहोचले.

इथल्या मोठ्या लीगमध्ये प्रत्येक संघाला साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळायचे असतात. २६ जणांच्या संघात जास्तीत जास्त १३ पिचर, म्हणजे तिथले गोलंदाज, ठेवता येतात. सुरुवात करणारा पिचर पाच-सहा डाव टाकतो आणि मग त्याला चार-पाच दिवस सुटी मिळते. नऊपैकी उरलेले डाव रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारे पिचर, टाकतात. त्यांना अशी ठरलेली सुटी नसते, कारण आज कोणाची गरज लागेल हे सामना सुरू झाल्यावरच कळते. त्यामुळे कोणाला कधी उतरवायचे हे ठरवणाऱ्या व्यवस्थापकाची खरी परीक्षा या सात-आठ जणांना ऑक्टोबरमधल्या बाद फेरीपर्यंत धडधाकट ठेवण्यात असते.

सिएटलच्या मैदानात रिलीव्हरांचे बुलपेन, म्हणजे हात गरम करायची जागा, डाव्या बाजूच्या भिंतीमागे आहे आणि प्रेक्षकांना त्याच्या कुंपणापाशी उभे राहता येते. एका संध्याकाळी मी तिथे मुलाबरोबर उभी होते. व्यवस्थापकाचा फोन वाजला, एका उंच, सडपातळ पोराने जाकीट काढले, आधी हळू, मग पूर्ण जोराने चेंडू टाकायला सुरुवात केली, आणि कॅचरच्या ग्लव्हचा फाडकन होणारा आवाज आमच्या छातीत जाणवू लागला. वीस-पंचवीस चेंडूंनंतर मैदानातला डाव संपला, त्याची गरज उरली नाही, त्याने जाकीट पुन्हा चढवले. दोन डावांनी फोन पुन्हा वाजला आणि सगळे पहिल्यापासून झाले. त्या रात्री तो मैदानात उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशीच्या धावफलकात त्याचे नावही नव्हते, हात मात्र थकलेला होता. ज्या व्यवस्थापकांना इथे पिचर मनापासून मानतात, ते अशा माणसाला ‘काल टाकून झालेला’ असेच धरतात. लागोपाठ तिसऱ्या दिवशी कोणालाही शक्यतो उतरवत नाहीत. कोण उपलब्ध नाही हे खेळाडूंना दुपारीच ठाऊक असते आणि प्रतिस्पर्ध्याला कळू दिले जात नाही. बुमराह तीनच कसोटी खेळणार, हे मालिकेआधी जाहीर होणे मला म्हणूनच खटकले. काल शरीर कसे होते हे पाहून आजचा निर्णय घ्यायचा असतो.

नुसती विश्रांती हेही उत्तर नव्हे. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बॉल्टिमोरचे व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी झॅक ब्रिटनला, त्या वर्षी शेवटी येऊन आघाडी राखायच्या ४७ पैकी ४७ संधी साधणाऱ्या पिचरला, आघाडी मिळेल तेव्हासाठी राखून ठेवले आणि तो बुलपेनमध्येच असताना, बरोबरीमुळे लांबलेल्या सामन्याच्या अकराव्या डावात, संघाचा हंगाम संपला. उलट चूकही होते: महिन्याभरातच शिकागोचे व्यवस्थापक जो मॅडन यांनी अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात, पाच धावांची आघाडी असताना, आपला हुकमी रिलीव्हर अरोल्डिस चॅपमनला उतरवले. दुसऱ्या रात्री निर्णायक सामन्यात थकलेल्या चॅपमनच्या चेंडूवर बरोबरी साधणारा होमरन, म्हणजे बेसबॉलचा षटकार, गेला. शिकागो पुढे जिंकले म्हणून ती चूक लोकांनी पोटात घातली.

कपिल देवसारखा दाखला इथेही देतात, माइक मार्शलचा. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून तो १०६ सामन्यांत उतरला आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा पहिला रिलीव्हर ठरला. पण त्याच वर्षी, त्याच संघातल्या टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) तुटला आणि डॉ. फ्रँक जोब यांनी दुसऱ्या हाताची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घेऊन तो नव्याने बांधला. आज ती शस्त्रक्रिया जॉनच्याच नावाने ओळखली जाते. एकाच संघातले हे दोन हात पाहिले की एका अपवादावरून सगळ्यांसाठी नियम काढू नये हे पटते.

हेही सांगितले पाहिजे की अमेरिकेने हा प्रश्न सोडवलेला नाही. मोठ्या आणि तिच्या खालच्या लीगमधल्या पिचरांच्या या शस्त्रक्रिया २०१० मध्ये १०४ होत्या, २०२४ मध्ये २८१ झाल्या. थोडेच चेंडू टाकायचे म्हटल्यावर प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकला जातो, वेग वाढतो आणि कोपरावरचा ताणही. टी-ट्वेंटीत चारच षटके टाकणाऱ्या आपल्या गोलंदाजांनाही हा धोका आहेच.

मला अधिक काळजी बुमराहपेक्षा मैदानांवरच्या मुलांची वाटते. माझा धाकटा भाऊ पुण्यात सतराव्या वर्षी एकाच आठवड्यात शाळेकडून, क्लबकडून आणि वयोगटाच्या निवड चाचणीत गोलंदाजी करायचा. प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरती षटके मोजत असे आणि नेटमधली तर कोणीच मोजत नसे. एकोणिसाव्या वर्षी त्याच्या मणक्याला ताणाने तडा गेला आणि तो पुन्हा वेगाने धावत आला नाही. इथे माझा बारा वर्षांचा मुलगा लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये खेळतो. त्याला दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकता येत नाहीत, ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. एक पालक अंगठ्याने दाबायचे मोजणीयंत्र घेऊन बसतो.

भाऊ आता शनिवार-रविवार मुलांना गोलंदाजी शिकवतो. मागच्या डिसेंबरात मी पुण्याला जाताना त्याने माझ्याकडून अशी दोन यंत्रे मागवून घेतली. मी विचारले, “दोन कशाला?” तो म्हणाला, “ताई, एक सामन्याला, एक नेटला.”