खोकला थांबला म्हणून टीबीच्या गोळ्या बंद करू नका, तो मेसेज साफ चुकीचा आहे

आमच्या आत्याने नऊ दिवस टीबीच्या गोळ्या घेतल्याच नाहीत. काल तिच्याकडे गेलो तर फ्रीजवर पाकीट तसंच पडलेलं, वर धूळ. विचारलं तर म्हणाली, अरे फॅमिली ग्रुपवर आलंय ना, खोकला गेला की बंद करायच्या. सहा महिन्यांचा कोर्स आहे आणि तिचा हा तिसराच महिना. मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं.

त्यात म्हटलंय की खोकला गेला म्हणजे टीबी गेला, पुढच्या गोळ्या कंपन्यांच्या फायद्याच्या. जास्त दिवस घेतल्या तर शरीराला सवय लागते, त्यालाच रेझिस्टन्स म्हणतात. लघवी केशरी होते म्हणजे किडनी सडतेय. इंग्लंडच्या डॉक्टरांनीच कोर्स पूर्ण करायची गरज नाही असं सांगितलंय. आणि शेवटी हळद-मिरीचा काढा.

केशरी लघवीला आत्या सगळ्यात जास्त घाबरली होती. अहो, या गोळ्यांतलं एक औषध रिफाम्पिसिन, त्याचा रंगच विटकरी लाल असतो, तो लघवीत, घामात, डोळ्यांच्या पाण्यातसुद्धा उतरतो. किडनीचा काही संबंध नाही. या गोळ्यांनी लिव्हरला त्रास होऊ शकतो हे मात्र खरं आहे, डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हे कामाचं होतं, तेच मेसेजमध्ये नाही.

आता खोकला. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात म्हणून खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. पण काही जंतू सुस्त पडून राहतात, त्यांना मारायला पुढचे महिने लागतात. हे माझं मत नाही. 2014 साली रेमॉक्स-टीबी नावाच्या मोठ्या ट्रायलचा, म्हणजे पेशंटवर केलेल्या औषधाच्या चाचणीचा, निकाल आला, 1931 पेशंट, त्यात भारतातलेही होते. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे वेगळं अँटिबायोटिक घालून कोर्स चार महिन्यांवर आणता येतो का ते बघायचं होतं. चार महिनेवाल्यांचे थुंकीतले जंतू नेहमीच्या गोळ्यांपेक्षा लवकर कमी झाले, म्हणजे मेसेजच्या हिशोबाने ते आधी बरे झाले. पण शेवटी चांगला निकाल सहा महिनेवाल्यांत 92 टक्के आणि चार महिन्यांच्या दोन गटांत 85 आणि 80 टक्के, कारण जास्त लोकांना टीबी उलटला. चार महिन्यांचा एक कोर्स नंतर 2021 च्या ट्रायलमध्ये यशस्वी झाला, पण त्यात रिफापेंटीन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही वेगळी औषधं होती, आत्याच्या गोळ्या मधेच सोडून तो कोर्स होत नाही!

आणि सवय शरीराला लागतच नाही, बदलतो तो जंतू, तो औषधाला दाद देत नाही त्यालाच रेझिस्टन्स म्हणतात. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, त्यात साधारण दहा लाखांत एक जन्मतःच आयसोनियाझिडला (हेही टीबीचंच औषध) दाद न देणारा आणि दहा कोटींत एक रिफाम्पिसिनला. म्हणून तर तीन-चार औषधं एकत्र देतात, एकातून सुटला तर दुसऱ्यात सापडावा. तुम्ही मनाला येईल तशा गोळ्या सोडल्या-धरल्या की जे निबर आहेत तेच उरतात, वाढतात आणि खोकल्यातून घरात पसरतात. आत्याच्या मांडीवर दीड वर्षाची नात असते. तिला तो जंतू लागला तर एकही गोळी न खाता तिचा टीबी पहिल्या दिवसापासून रेझिस्टंट असेल. अशा टीबीला पूर्वी दीड-दोन वर्षं औषध आणि कान कायमचे जाऊ शकतील अशी इंजेक्शनं लागायची. आता बेडाक्विलिन या नव्या औषधाचा सहा महिन्यांचा कोर्स आलाय, भारतात 2024 ला मंजूर झाला. उद्या जंतू त्यालाही दाद देईनासा झाला तर काय?

इंग्लंडवाल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. 2017 ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये खरंच लेख आला होता की बऱ्याच साध्या इन्फेक्शनला लांबलचक अँटिबायोटिक कोर्सची गरज नसते. पण टीबीचा जंतू उपचार चालू असताना स्वतःच रेझिस्टंट होतो, हा फरक त्याच लेखात केलाय. तेवढा भाग कुणी फॉरवर्ड केला नाही.

कंपन्यांचं म्हणाल तर सरकारी केंद्रावर या गोळ्या फुकट मिळतात आणि आयसोनियाझिड 1952 पासून वापरात आहे. काढा प्यायचा तर प्या, गोळ्या घेऊन प्या.

उद्या सकाळी आत्याला घेऊन सेंटरवर चाललोय, नऊ दिवसांच्या खाड्याचं काय करायचं आणि थुंकी परत तपासायची का ते तिथेच विचारणार. ज्याने मेसेज टाकला त्याने आज रात्रीच तिला फोन करावा आणि चुकलं म्हणून सांगावं. माझ्यापेक्षा ती त्याचं जास्त ऐकते.