छातीवर काय लावावं, काय लावू नये

दसरा-दिवाळी झाली की जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारे कारखाने, सुरू होतात. यंदा तुम्ही कामाला लागणार असाल, तर कपड्यांचं आधीच समजून घ्या. नंतर मुकादमाच्या नावानं बोटं मोडू नका.

छातीवर काही असण्याला मालकाचा मुळीच विरोध नाही. बियाणे कंपनीनं फुकट वाटलेला टी-शर्ट खुशाल घाला. निवडणुकीत उमेदवारानं दिलेला दुपट्टा नाकातोंडाला बांधा. त्याचा तर उपयोगच आहे, कारण मास्क मागितला की "पुढच्या गाडीनं येते" असं उत्तर मिळतं आणि कापसाचा कुस काही त्या गाडीची वाट पाहत नाही. शेटजींच्या वडिलांच्या पुण्यतिथीला 'स्वयंसेवक' असा बिल्ला मिळतो, तो लावलाच पाहिजे. पाहुण्यांना पाणी वाटायचं असतं. त्या दिवसाची हजेरी लागत नाही, पण बिल्ला घरी नेता येतो.

लावू नये तो फक्त युनियनचा. लाल रंगाचा, पत्र्याचा, मागे टाचणी; घामानं ती गंजते आणि खिशावर तांबूस डाग पडतो. मुकादम जवळ येईल, अंगठ्यानं बिल्ला चाचपून पाहील आणि मोठ्या मायेनं म्हणेल, "हे काय लावलं बाप्पा छातीले? काढून ठेव, पडन ना रेच्यात." त्याचं ऐका. लोखंडाचा तुकडा कापसातून रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या मशीनमध्ये, गेला तर ठिणगी उडते आणि आग लागते, हे अगदी खरं आहे. जिनिंगमधल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. मात्र 26 जानेवारीला, ऐन हंगामात, शेटजी तसल्याच टाचणीनं प्रत्येकाच्या खिशावर तिरंगा लावतात आणि लगेच रेचे सुरू होतात, तेव्हा ठिणगी कुठे जाते हे विचारू नका. कापडी बिल्ला शिवून आणलात, तर सुरक्षेचा मुद्दा मिटेल आणि गणवेशाचा सुरू होईल. गणवेश अजून कुणालाच मिळालेला नाही, त्याचा नियम तेवढा लागू झाला आहे.

काळ्या फितीचा विचार मनात येईल. तलाठ्यांपासून अंगणवाडी ताईंपर्यंत सगळ्यांनी काळ्या फिती लावून काम केलंय. पण इथे शेटजी "कोण गेलं?" म्हणून विचारतील आणि दुखवट्याची म्हणून अर्ध्या दिवसाची मजुरी कापतील.

6 डिसेंबरला ऑफिसात बाबासाहेबांच्या फोटोला हार असतो. फुलं वाहा, हात जोडा, बाहेर या. 1938 च्या 7 नोव्हेंबरला याच माणसानं मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप घडवला होता, ही आठवण फोटोसमोर काढू नये. हार घालणाऱ्यांना अवघडल्यासारखं होतं.

गावातला एखादा शिकलेला पोरगा मोबाईलवर अमेरिका दाखवील. युनियनचे बिल्ले काढले नाहीत म्हणून रिपब्लिक एव्हिएशन या विमान कारखान्यानं कामगारांना काढलं, आणि 1945 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कौल कामगारांच्या बाजूनं दिला. काळ महायुद्धाचा, माल लढाऊ विमानांचा, तरीही! सुरक्षेसारखं खास कारण असेल तर तिथेही मनाई करता येते, पण ते कारण मालकाला दाखवून द्यावं लागतं. ही शेवटची ओळ मुकादमासमोर वाचू नका. त्याऐवजी टेस्लाचं सांगा, त्याला बरं वाटेल: या मोटार कंपनीनं युनियनच्या शर्टांवर घातलेली बंदी 2022 मध्ये अमेरिकेच्या सरकारी कामगार मंडळानं बेकायदा ठरवली, आणि 2023 मध्ये अपील न्यायालयानं मंडळाचाच निर्णय रद्द केला.

आपल्याकडे काय? संघटना करण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमात आहे. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यानं तर त्या हक्कात मालकानं ढवळाढवळ करणं, धाक घालणं ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. तुमचा बिल्ला त्यात बसतो का, ते औद्योगिक न्यायालय ठरवील. एसटीचं तिकीट तुम्ही काढायचं, मजुरी तुमची बुडेल, आणि निकाल लागेपर्यंत सरकीसुद्धा विकून झालेली असेल. तेव्हा कशाला?

एवढं सांगूनही तुम्ही बिल्ला लावलाच, तर नोटीस येईल: "आमच्या आस्थापनेचे कामगार असूनही आपण शिस्तभंग केला आहे." हा कागद फाडू नका, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. कारण पीएफ मागायला गेलात की हेच ऑफिस सांगतं, तुम्ही आमचे नाहीतच, ठेकेदाराचे आहात; आणि ठेकेदार म्हणतो, मी फक्त गाडीनं माणसं आणून सोडतो. तुम्ही त्या आस्थापनेचे कामगार आहात असं शेटजींच्या सहीनं लिहिलेलं दुसरं काही तुमच्यापाशी नाही. खुलासा द्यायला जाताना आधी त्या नोटिशीच्या दोन झेरॉक्स काढून घ्या.