अजून पितो?

‘अजून पितो?’ हा प्रश्न आपल्याकडे नेहमी खालच्या आवाजात विचारतात. नवऱ्याबद्दल विचारला तर त्याच्या मागोमाग निदान ‘कसं सहन करतेस गं बाई’ तरी येतं. मुलाबद्दल विचारला की सगळा दोष आपला.

मला तो गेल्या रविवारी भरल्या बसमध्ये, इंजिनाच्या वरताण आवाज काढून विचारला गेला. आज गुरुवार. अजून डोक्यातून उतरलेला नाही.

तपशील थोडक्यात. साताऱ्याला मावसभावाची वास्तुशांत, नवऱ्याला नेहमीप्रमाणे ऐन वेळी काम निघालेलं, म्हणून स्वारगेटहून मी आणि चिरंजीव. चिरंजीव तीन वर्षं दहा महिन्यांचे आहेत, पण बापाच्या अंगलटीवर गेल्यामुळे सहज साडेपाचचे दिसतात. दिवसभर वरणभात, पोळी, अंडं, मटणाचा रस्सा, जे पुढ्यात येईल ते हाणतात. फक्त रात्री झोपताना, पहाटे, आणि गाडीत मळमळायला लागलं की त्यांना अंगावरचं लागतं.

हे चारचौघांत मागायला नको म्हणून आम्ही दोघांनी डोकं लढवून एक सांकेतिक शब्द काढला होता. ‘मिटिंग.’ नवरा आयटीत असल्याचा घरात झालेला हा एकमेव उपयोग. पोरगंही हुशार, लगेच उचलला त्याने. लिफ्टमध्ये, लग्नात, बँकेच्या रांगेत तो गंभीरपणे म्हणायचा, ‘आई, मिटिंग आहे ना आपली?’ आणि लोक कौतुकाने बघायचे.

तर खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला आणि साहेब म्हणाले, ‘आई, माझी मिटिंग राहिलीये.’

तीनच्या सीटवर मी मध्ये, चिरंजीव खिडकीशी, आणि माझ्या दुसऱ्या बाजूला एक मावशी. साठीच्या पुढच्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, मांडीवर बंद गळ्याची पिशवी, तिच्या बंदांना दोन्ही मुठींनी धरलेलं. पुण्याला लेकीकडे राहून भुईंजला परत निघाल्या होत्या. लेकीच्या सासूबद्दल कात्रजच्या बोगद्यापासून मला सांगत होत्या. त्या एकदम थांबल्या.

‘बया! मिटिंग? कसली रं तुझी मिटिंग?’

विचारलं तर सांगावं, हे मीच शिकवलंय. ‘दुदूची. आधी खिडकीकडची, मग तुमच्याकडची.’

मावशींनी ‘तुमच्याकडची’ म्हणजे काय हे समजायला क्षणभर घेतलं. आधी स्वतःकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पोराच्या पायांकडे, बुटांपर्यंत. आणि मग तो प्रश्न.

‘अजून पितो? आगं बाई, घोडा झालाय की! मिसुरडं फुटंस्तवर पाजतीस का काय?’

पुढच्या तीन सीटांवरची डोकी वळली. एका मुलीने कानातला एक बोंडा काढला, म्हणजे ऐकूही यावं आणि ऐकत नाही असंही दिसावं.

‘रात्रीपुरतं फक्त, मावशी,’ मी म्हटलं. कशाला म्हटलं? त्या बाईला मी ओळखत नाही, तिचं माझं तीन तासांचं नातं. तरी आवाज असा निघाला की जणू उसनवारीचे हप्ते चुकलेत.

‘रात्री न्हाई आन् दिसा न्हाई. डोकं मंद हुतं पोराचं. आन् तुझी कंबर जाती. गेली का?’

माझी कंबर गेलेली आहे, पण ती खुर्चीवर आठ तास बसून. हे मी सांगितलं नाही.

‘कडूलिंब लाव. पाला वाटायचा, चांगला हिरवागार, आन् लावून बसायचं. एकदा तोंड लावलं की पुन्यांदा बगत बी न्हाई.’

आता कडुलिंबाचं मी काय सांगू. आमच्या सासूबाईंनी तो प्रयोग गेल्या महिन्यात केलाय. याच त्या सासूबाई, ज्यांनी मला बाळंतपणात अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, बाजरीची भाकरी, मेथीची भाजी असं दोन महिने कोंबलं होतं. ‘पुरतंय ना त्याला? पुरतंय ना?’ असं दर तासाला विचारायच्या, वर दुधवाल्याच्या हिशेबासारखं कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या. दूध यावं म्हणून ज्या पाट्यावर वाटलं, ते जावं म्हणूनही त्याच पाट्यावर वाटलं. मी बसले लावून. चिरंजीव आले, तोंड लावलं, कपाळाला आठ्या घातल्या, विचार केला आणि म्हणाले, ‘आज गुढीपाडवा आहे?’ मग स्वयंपाकघरात जाऊन गूळ मागून आणला, खाल्ला, आणि राहिलेली मिटिंग पूर्ण केली.

शिवाय मला एक कळत नाही. पुराणात अंगाला काहीबाही लावून पाजायला आलेली एकच बाई आहे. तिचं पुढे काय झालं हे गोकुळात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या सासूबाई दर गोकुळाष्टमीला सुंठवडा करतात, पण हा मुद्दा त्यांच्या लक्षात आलेला नाही. मीही काढलेला नाही, घरात राहायचंय.

एवढ्यात मागच्या सीटवरून एक गृहस्थ पुढे झुकले. खिशाला दोन पेनं, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. ‘मॅडम, दोन वर्षांनंतर त्या दुधात सत्त्व राहत नाही. निव्वळ पाणी.’ असं म्हणाले की जणू आत्ताच नमुना तपासून आले. मला सांगायचं होतं की काका, सत्त्व कुठेही जात नाही, दोन वर्षांनंतरही त्यात स्निग्धांश असतो, प्रथिनं असतात, रोगाशी लढणारी द्रव्यं असतात. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध म्हणते, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर ‘दोन वर्षं किंवा त्याहूनही अधिक’ म्हणते. आणि त्या ‘त्याहूनही अधिक’ला तिने शेवटचा थांबा दिलेला नाही. हे सगळं मनात अगदी तोंडपाठ होतं. प्रत्यक्षात मी ‘हो का?’ म्हटलं.

डब्याच्या दुधाचं बरं असतं. आईचंच दूध बाळाला सर्वोत्तम, असं त्या डब्यावर छापायला लावणारा कायदा आपल्याकडे १९९२ सालापासून आहे, आणि त्याच डब्यावर हे कधीपर्यंत वापरावं याची तारीखही असते. आईवर तारीख छापलेली नसते. म्हणून लोक ती तोंडी सांगतात.

कापूरहोळ आलं. हा फाटा आला की मला धाराऊ आठवते. संभाजीराजांचा जन्म १६५७ चा, पुरंदरावरचा. त्यांच्या दुधासाठी या कापूरहोळची धाराऊ गाडे गडावर गेली, आणि तिची मुलं राजांचे दूधभाऊ झाली, इतिहासात नावानिशी राहिली. तिला कोणी उपाय सुचवले असतील का, माहीत नाही. हिरकणीचंही तेच. कोजागरीच्या रात्री रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी बाळ भुकेलं, म्हणून ही गवळण कडा उतरून गेली, महाराजांनी साडीचोळी दिली, बुरुजाला नाव दिलं. सगळी कथा आपल्याला पाठ. पण बाळ केवढं होतं, हे कोणी विचारतं? समजा ते चार वर्षांचं असतं. मग महाराजांच्या दरबारात ‘केवढा आहे गं?’ असं कोणी म्हणालं असतं, आणि बुरुज बिननावाचा राहिला असता.

आता ठिकठिकाणी हिरकणी कक्ष असतात. चांगली गोष्ट आहे, मी मनापासून म्हणते. पण अशाच एका कक्षाच्या दारात मागे एकदा तिथे बसलेल्या बाईने माझ्या लेकाला आडवा हात करून थांबवलं. ‘हे बाळांसाठी आहे.’ तो म्हणाला, ‘मी आईचं बाळच आहे.’ ती हसली, मग मी हसले, आणि आम्ही बाहेर पार्किंगमध्ये, दुसऱ्याच्या टेम्पोच्या आडोशाला उभे राहिलो. हसले ते आत्ता लिहिताना खटकतंय. तेव्हा का हसले मी?

शिरवळपर्यंत मावशी विषय बदलतील असं वाटलं होतं. त्यांनी बदलला, पण कसा, तर कोरफडीवर आल्या. मग कारल्याचा रस. मग पट्टी चिकटवून ‘बाऊ झाला’ म्हणणं. मग चार दिवस पोराला आजीकडे टाकून येणं. प्रत्येक उपायाबरोबर त्याचं यशस्वी झालेलं उदाहरण, गावासकट, पोराच्या आत्ताच्या नोकरीसकट.

आणि मग त्या गालात हसल्या.

‘आमचं मालक मात्र लई वांड. शेंडेफळ ना. पाच वर्साचं हुईस्तवर पीत हुतं. बिगरीत घातलं तर मधल्या सुट्टीत पळून यायचं घरी. सासू भाकरी थापत असायची, ह्ये तिच्या पदराखाली. एक दिस मास्तरच आलं मागं काठी घिऊन. तर सासू म्हनाली, मास्तर, बसा, च्या घ्या, त्याचं हुंद्या.’

‘पाच वर्षांपर्यंत?’ मी म्हटलं.

‘मग! म्हनून तर सत्तरीत अजून पोतं उचलत्यात. एकल्यानं. दात बगा तुमी त्यांचं.’

‘पण मावशी, मग माझ्या...’

‘त्यो काळ येगळा हुता,’ मावशी म्हणाल्या, आणि पिशवीचे बंद पुन्हा आवळले.

खंबाटकी घाट सुरू झाला. दुसऱ्या वळणाला चिरंजीवांचा चेहरा हिरवट पडला, आणि मला ठरवायचं होतं की मावशींचं मत जपायचं की मावशींची साडी. मी ओढणी घेतली. पोरगं आडवं झालं. आडवं म्हणजे डोकं माझ्याकडे, आणि पाय सरळ मावशींच्या पिशवीवर. त्या काही बोलल्या नाहीत. बुटाचा चिखल तेवढा पदराने पुसला, आणि मग पदर ओढून त्याच्या पोटऱ्यांवर घातला, वारं येत होतं म्हणून.

खरं सांगायचं तर मलाही आता पुरे झालंय. पहाटे चारला कोणी पोटावर गुडघा रोवून ‘आई, दुसरी बाजू’ म्हणालं की आईपणाचे उमाळे येत नाहीत. सोडवायचं मी तीनदा ठरवलं. आणि तिन्ही वेळा ज्या दिवशी ठरवलं त्याच दिवशी कोणीतरी म्हणालं की आता सोडव. एकदा जाऊबाई, एकदा पाळणाघरातल्या ताई, एकदा ऑफिसातला एक इसम. हाच इसम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाच्या शुभेच्छा ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो, कमळात झोपलेल्या बाळासकट. मला मुलाला पाजायला उशीर होतो म्हणून लवकर निघायचंय म्हटल्यावर याने माझ्याकडे न बघता ‘अरे, पण तो आता मोठा झाला ना?’ असं विचारलं. त्या रात्री मी हट्टाने पाजलं. पोरगं मागत नव्हतं तरी.

२०१२ साली अमेरिकेत ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर एक आई छापली होती, तिचा जवळजवळ चार वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहून पितोय. केवढा गहजब झाला म्हणे. नवऱ्याने हे मला धीर यावा म्हणून दाखवलं. मी त्याला म्हटलं, तिला खुर्ची तरी होती.

सुरूर फाट्याला तपासनीस चढले. बारीक चणीचे, सौम्य गृहस्थ. तिकिटं बघत बघत आमच्याशी आले. ओढणीच्या या टोकाला मी, त्या टोकाला दोन लांबलचक पाय.

‘तिकीट एकच दिसतंय. आणि हे पाय?’

‘मुलगा आहे. तीन वर्षं दहा महिने.’

ते पायांकडे बघत राहिले. ‘पाचच्या आत फुकट, मॅडम. पाचच्या वर अर्धं. आधार कार्ड आहे का त्याचं?’

आधार कार्ड कपाटात, सासूबाईंच्या पाटल्यांशेजारी. अर्ध्या तिकिटाचं मला काही नव्हतं. बायकांना आमच्याकडे २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे, म्हणजे माझी आणि त्या पायांची किंमत एकच झाली असती. पण मी खोटं बोलतेय असं भर बसमध्ये ठरत होतं, आणि ओढणीखालून मला धड हलताही येत नव्हतं.

तेव्हा मावशी उठून उभ्या राहिल्या. चालत्या बसमध्ये, वरचा दांडा धरून.

‘ओ सायेब! अंगावर पितंय त्ये! अंगावर पिनाऱ्या लेकराला तिकीट? कुटला कायदा ह्यो?’

तपासनिसांनी एकदम छताकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाले. ‘नाही... म्हणजे पाय...’

‘पाय काय पाय! पाय लांब असत्यात. आमच्या मालकांचं बी लांब हुतं. बाळ हाय त्ये. जावा फुडं.’

ते गेले पुढे. पेनवाल्या काकांचं तिकीट मात्र दोनदा तपासलं.

मावशी बसल्या. दम लागला होता. ‘बगितलंस? वाचलीस आज,’ त्या म्हणाल्या. ‘पर सोडव आता.’

भुईंजला उतरताना त्यांनी पोराच्या मुठीत दहाची नोट कोंबली, त्याचा गाल ओढला, ‘लाजत न्हाईस व्हय रं,’ म्हणाल्या, आणि मला हात करून गेल्या. मी राग धरून बसायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात खिडकीतून ‘कडूलिंब!’ असं ओरडून त्यांनी तो पुन्हा जिवंत केला.

पाचवडच्या पुढे चिरंजीव नोट उलटीसुलटी करत होते.

‘आई, त्या आजींचे आजोबा पाच वर्षांचे होईपर्यंत प्यायचे?’

हा झोपला होता असं मला वाटत होतं.

‘हो म्हणे.’

‘मग माझे किती राहिले?’

‘चौदा महिने,’ मी म्हटलं. आणि म्हटल्यावर लक्षात आलं की हिशेब चुकवायला हवा होता.