बाबांचं कपाट आणि बाबांचा पिन

बाबांना जाऊन आठ महिने झाले. मिरजेचं घर भाड्याने द्यायचं ठरलं, म्हणून गेल्या महिन्यात चार दिवस रजा टाकली आणि त्यांची पुस्तकं आवरायला बसले. दोन लोखंडी कपाटं आणि माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक. मोजली तर ६४३ पुस्तकं भरली, दिवाळी अंक सोडून. पहिल्या दिवशी वाटलं होतं, दुपारपर्यंत ढीग लावून होतील. चौथ्या दिवशी रात्री मी ट्रंकेपाशीच बसलेली होते.

बाबांची एक सवय होती. पुस्तक घरी आलं की आधी खाकी कव्हर, मग पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात नाव, गाव, तारीख आणि किंमत. 'अप्पा बळवंत चौक, पुणे, रु. १४' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, खात्याच्या कामाला पुण्याला गेले होते आणि जेवणाचे पैसे तिकडे गेले. शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक पेन्सिलीने पानांचे आकडे आणि पुढे एकच शब्द: '८८ पाऊस', '१४० आईचं पत्र', '२०३ पुन्हा वाचणे'. मी ती पानं उघडून बघत गेले. कुठे मला कळलं, बाबा तिथे का थांबले असतील. कुठे अजिबात कळलं नाही, आणि तेही आवडलं. पानांमध्ये कंडक्टरने भोक पाडलेली एसटीची तिकिटं होती, आमच्या शाळेच्या फीची पावती होती, आणि कडुलिंबाचा पाला, ज्याचा आता नुसता चुरा उरलाय.

त्यात एक लहानसं पुस्तक निघालं, मराठीतून कन्नड शिकवणारं. 'मिरज, १४/११/१९८३, रु. ६.' बाबांना कन्नड येत नव्हतं, निदान आम्हाला तरी तसंच माहीत होतं. आईचं माहेर अथणीचं, तिच्या घरात सगळे कन्नड बोलायचे, आणि बाबा तिथे गेले की ओसरीवर पेपर वाचत बसायचे. या पुस्तकात पहिल्या पानापासून समासात पेन्सिलीने अक्षरं गिरवलेली. आधी थरथरती, मोठी मोठी, मग हळूहळू वळणदार. प्रत्येक वाक्याखाली देवनागरीत उच्चार. हे सगळं पान ३१ पर्यंत. त्यापुढे पुस्तक कोरं करकरीत.

आईला नेऊन दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पानं उलटली. मग म्हणाली, "ह्यांनी मला कधी सांगितलं नाही गं. पण एकदा आमच्या अव्वाला ह्यांनी 'ऊट आयता' असं विचारलं होतं. जेवण झालं का, म्हणून. अव्वा केवढी हसली होती. मला वाटलं, कुणाचं तरी ऐकून बोलले." अठ्ठावीस वर्षांपूर्वी गेलेल्या सासूशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून माझ्या बाबांनी गुपचूप एकतीस पानं गिरवली होती. ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नव्हती. कपाटाला ठाऊक होती.

यावरून मला जे लिहायचं आहे ते असं. घरातली पुस्तकं माणसाबद्दल काय सांगतात, हा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा नावांवर जातं. कुणाकडे कोणता लेखक आहे, किती जाड ग्रंथ आहेत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर पुस्तकांच्या रांगेसमोर बसून मीटिंग करायची रीतच पडली होती. पण नुसत्या नावांवरून फार थोडं कळतं. पुठ्ठ्याची बांधणी सुद्धा न मोडलेला ग्रंथसंच लग्नात आहेर आलेला असू शकतो. माणूस कळतो तो पुस्तकाच्या अंगावर काय उरलंय त्यावरून: कुठे दुमडलं, कुठे थांबला, काय अर्धवट सोडलं, कुणाला दिलं आणि परत मागायला संकोचला. वाचलेल्या पुस्तकांवरून माणसाचं ज्ञान कळत असेल. अर्धवट राहिलेल्या पुस्तकांवरून त्याला काय व्हायचं होतं ते कळतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

आता दुसरी बाजू सांगते. शेवटची दोन वर्षं बाबा कागदावर वाचतच नव्हते. डोळ्यांचं दुखणं वाढलं, बारीक टाइप दिसेना, म्हणून मीच त्यांना ई-रीडर आणून दिला होता. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हटल्यावर लहान मुलासारखे खूश झाले होते. दुपारभर वाचायचे. त्या यंत्राने माझ्या बाबांना दोन वर्षं वाचन दिलं, त्याबद्दल मला फक्त कृतज्ञता आहे. 'कागदाचा वास' वगैरे सांगून ई-पुस्तकांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. ज्याला दिसत नाही, ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं झोपतात, त्याला ते यंत्र वरदानच आहे.

पण त्याला पिन होता. बाबांनी स्वतःच टाकलेला. त्यांची जन्मतारीख झाली, आईची झाली, लग्नाची तारीख, घर नंबर, माझी आणि दादाची वर्षं, सगळं टाकून पाहिलं. उघडलं नाही. ज्या मोबाइल नंबरवर खातं होतं तो नंबरही तोवर बंद केलेला होता. म्हणजे १९८३ च्या नोव्हेंबरात बाबा काय शिकत होते ते मला कळलं, आणि जाण्याच्या आदल्या दुपारी काय वाचत होते ते कळलं नाही. आणि ते कधीच कळणार नाही.

ई-रीडरवर खुणा राहत नाहीत असं मुळीच नाही. कोणत्या पानावर थांबलो, कोणती ओळ पिवळी केली, हे सगळं नोंदलं जातं. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरवर तर किती वाचकांनी एखादी ओळ अधोरेखित केली तो आकडासुद्धा दिसतो. खुणा आहेत, फक्त त्या घरात नाहीत. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या बायकोला त्या दिसत नाहीत. आणि पुस्तक तरी आपलं असतं का? २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या, प्रकाशनाच्या हक्कांची भानगड निघाली म्हणून, विकत घेतलेल्यांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकंही गेली. तिथेही पैसे परत मिळाले. पण समासात लिहिलेल्या शब्दाचे पैसे कसे परत देणार?

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण डोळ्यांपुढे येतं. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी सामानाबरोबर पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्धात पाणतीराने ती बोट बुडाली आणि पुस्तकंही गेली. तरी तो माणूस पुन्हा जमवायला लागला आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. त्यांच्या संग्रहातली पुष्कळ पुस्तकं आज मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. त्यांत जॉन ड्युई या त्यांच्या कोलंबियातल्या प्राध्यापकाचीही आहेत. बाबासाहेबांनी ड्युईच्या कोणत्या वाक्यांखाली रेघ मारली आणि त्यातलं काय पुढे स्वतःच्या लेखनात आणलं, यावर अभ्यासक आजही काम करतात. पेन्सिलीची एक रेघ शंभर वर्षांनी कुणाशी तरी बोलते, कारण ती कागदावर आहे आणि तो कागद कुणीतरी सांभाळला.

एक मात्र खरं, घरात पुस्तकं नाहीत म्हणजे तिथे वाचक नाही, असं कृपया कुणी समजू नका. आमच्या वाड्यातल्या एक काकू वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायच्या आणि पदराखाली झाकून न्यायच्या, सासऱ्यांना दिसू नये म्हणून. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हतं. त्यांच्या वाचनाचा पुरावा वाचनालयाच्या त्या मळक्या कार्डावर असेल, आणि ते कधीच रद्दीत गेलं असेल.

बाबांच्या पुस्तकांचं काय केलं, ते सांगते. एका वाचनालयात विचारलं, त्यांनी जागा नाही म्हणून सरळ नाही म्हटलं. रद्दीवाला किलोने न्यायला तयार होता. दादा म्हणाला, ठाण्याच्या दोन खोल्यांत तू कुठे ठेवणार? त्याचंही बरोबर होतं. शेवटी शेवटच्या पानावर पेन्सिल असलेली तेवढी पुस्तकं वेगळी काढली. ती १७२ निघाली. ती मी आणली. दोनशेच्या आसपास बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांनी आणि भाच्यांनी निवडून नेली. बाकीची एका खेड्यातल्या शाळेच्या मास्तरांनी टेम्पो करून नेली, स्वतःच्या खर्चाने. कन्नडचं पुस्तक आईने स्वतःकडे ठेवलंय.

मी स्वतः दहा वर्षं ई-रीडरवर वाचतेय आणि पुढेही वाचणार, लोकलमध्ये दुसरा उपायच नाही. पण मिरजेहून आल्यावर एक दोनशे पानी वही आणली. ई-रीडरवर वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव, तारीख, कुठे वाचलं, आणि बाबांसारखा थांबल्या जागेचा एखादा शब्द त्यात लिहिते. सोडून दिलेली पुस्तकंही लिहिते, कोणत्या पानावर सोडली तेही. वही त्या १७२ पुस्तकांच्या रांगेतच उभी ठेवलीय, मुलीच्या हाताला येईल अशी. आणि पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, नाव, गाव, तारीख यांच्याखाली, पिन लिहून ठेवलाय.